आमच्या युनिटला लग्न लाभत नाही

"ओ बाई, इथं करुणा सिरसाट नावाची सिस्टर हाये काय?"

विचारणारी बाई दाराशी चपला हातात घेऊन उभी होती. चपला बाहेर काढा असं पाटीवर लिहिलेलं, आणि बाहेर काढल्या तर जातील ही भीती, म्हणून त्या हातात. डोक्यावर पदर, काखेत डब्याची पिशवी. मी हिरव्या गाउनमध्ये, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. माझे डोळे तेवढे दिसत होते.

करुणा सिरसाट म्हणजे मीच.

"काय काम आहे?" मी विचारलं.

"काम काई नाई. जरा चौकशी करायची होती. पोरगी कशी हाये म्हणून." तिनं आवाज खाली आणला. "माह्या भाच्यासाठी पाहून राह्यलो. तेल्हाऱ्याचे शेगोकार आम्ही. पोरगा मास्तर हाये."

मला एकदम हसू आलं. ही प्रफुल्लची आत्या! मागच्या महिन्यात मूर्तिजापूरला दादाच्या घरी तो मला पाहायला आला होता, तेव्हा त्याची आई आणि मामा होते, आत्या नव्हती. आमच्याकडं मुलगी पाहून झाली की घरातलं एखादं पिकलं माणूस गुपचूप तिच्या नोकरीच्या ठिकाणी जाऊन येतं. घरचे लोक मुलीचं गोडच बोलणार, खरं काय ते कामावर कळतं, असा हिशेब.

मी मास्क काढून नमस्कार करायला हवा होता. पण स्वतःबद्दल स्वतःच साक्ष द्यायची संधी आयुष्यात कितींना मिळते?

"या, बसा," मी बाकाकडं हात केला. "मी तिच्याबरोबरच काम करते. विचारा काय ते."

अकोल्याच्या त्या इस्पितळात आमचं युनिट नवजात बाळांचं होतं. दिवस भरायच्या आत जन्मलेली, किलोच्या आतबाहेरची, काचेच्या पेटीत ठेवलेली बाळं. गावातले लोक 'बाळ काचेत आहे' म्हणायचे. तिथलं काम शिकायला मुलीला वर्ष लागतं आणि शिकली की ती जाते. सरकारी भरतीत जाते, दुबईला जाते, लग्न होऊन जाते. सगळ्या इस्पितळांची हीच रड. आमचं युनिट मात्र वेगळं होतं. नव्या मुली येत-जात, पण मी आणि नलू ढोरे, आम्ही दोघी जुन्या, घट्ट पाय रोवून होतो. त्याचं श्रेय सगळे आमच्या इन्चार्ज कुंदाताई तेलगोट्यांना देत. नर्सेस डेला त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला होता. अमरावतीच्या एक इन्चार्ज मुद्दाम येऊन त्यांना विचारून गेल्या, तुम्ही मुली टिकवता कशा? कुंदाताई म्हणाल्या, "माया लावावी लागते."

ते खोटं नव्हतं. माझं एकेक स्थळ मोडलं तेव्हा दादानं नशिबाला दोष दिला, वहिनीनं माझ्या रंगाला, आणि कुंदाताईंनी मला आपल्या क्वार्टरवर नेऊन गरम कढी-भात वाढला होता. कारंज्याचे आले, पसंत आहे म्हणाले, मग कळवतो म्हणाले. दर्यापूरचे तसेच. वाशिमचेही. कळवतो म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. नलूचं तर माझ्याही आधीपासून हेच चाललं होतं. आम्ही दोघी जेवणाच्या सुट्टीत त्यावर हसायचो. सर्जिकल वॉर्डातल्या पोरी फटाफट लग्न करतात, मेडिकलमधल्या करतात, आमच्या युनिटला तेवढं लग्न लाभत नाही. नलू म्हणायची, दाराची दिशा चुकलीय, एखादा नारळ फोडू.

पण या वेळी मला हसून सोडून द्यायचं नव्हतं. प्रफुल्लशी दादाच्या अंगणात मी थोडाच वेळ बोलले होते. मी एक अट घातली, ती त्यानं हसत मान्य केली, आणि जाताना वळून पाहिलं. मी एकोणतीस वर्षांची होते. मला तो हवा होता.

"स्वभाव कसा हाये तिचा?" आत्यानं सुरुवात केली.

"तोंडानं जरा फटकळ आहे. पण पोटात काही ठेवत नाही."

"असू दे. माहं बी तसंच हाये. कामाले?"

"सुई लावताना तिच्यासारखी शीर इथं कोणाला सापडत नाही. डॉक्टरसुद्धा तिलाच हाक मारतात." हे मी अगदी निर्लज्जपणे सांगितलं. खरंच होतं ते.

"अन् मोठ्यायले मान देते काय?"

"देते. पण मोठ्यांनी तसं वागलं तर."

आत्या खुदकन हसली. "तू बी फटकळच दिसते. काय हाये, पोरगं तं येडं झालं हाये. दुसरी पोरगी पाह्यलेच तयार नाई." मास्कच्या आत माझे गाल तापले. मग ती जवळ सरकली आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "बाई, एक इचारते. खरं सांगशीन?"

"विचारा ना."

"तिले फिट किती दिवसानं येते?"

मला आधी वाक्य समजलंच नाही. मला वाटलं, ही दुसऱ्या कोणाबद्दल बोलतेय.

"कोणाला?"

"त्या करुणाले. फिट येते ना तिले? हात-पाय वाकडे होते, तोंडाले फेस येते म्हणते."

"कोण म्हणतं?"

"माही नणंद दर्यापूरची हाये, गवई. तिच्या पोराले बी हेच पोरगी सांगून आली होती. पसंत पडली, पोरगं तयार झालं. मग माही नणंद इथं चौकशीले आली. तं इथल्या मोठ्या सिस्टरनं सांगतलं. डोळ्याले पदर लावून सांगतलं म्हणे बिचारीनं."

इथं मोठी सिस्टर एकच होती. मी बाकाची कड घट्ट धरली. माझ्या कानात कोणीतरी कापूस कोंबल्यासारखं झालं आणि त्यातून आत्याचा आवाज येतच होता.

"मी घरी हे सांगतलं, तं भाचा काय म्हणे? म्हणे आत्या, फिट येणाऱ्या पोरीच्या हातात इतलुसे लेकरं कोण देईन? तू सोता जाऊन इचार. म्हणून आली. त्याचं बी बरोबर हाये म्हणा..."

तेवढ्यात आत मॉनिटर कोकलायला लागला. मी उठून धावले. बरं झालं, मला पाय आहेत हे तरी कळलं.

कोपऱ्यातल्या पेटीतलं बाळ निळसर पडत होतं. दिवस भरायच्या आत आलेली बाळं कधीकधी श्वास घ्यायचंच विसरतात. मी आत हात घालून त्याच्या तळपायावर टिचकी मारली, पाठ चोळली. एकदा, दोनदा. मग त्यानं अंग ताणलं, छोटं तोंड वाकडं केलं आणि श्वास घेतला. गुलाबी व्हायला लागलं. पण या झटापटीत त्याच्या हातातली सलाइनची शीर निकामी झाली होती, मनगट सुजलं होतं. नवी सुई लगेच लावायला हवी होती, नाहीतर साखर उतरली असती. नवी मुलगी पलीकडच्या बाळाला नळीनं दूध देत होती, तिला हलता येत नव्हतं. नलू जेवायला गेली होती. मी एकटीच सामान काढायला लागले. आणि एका हाताचं बोट बाळाच्या तळपायावरच ठेवलं होतं, ते पुन्हा विसरू नये म्हणून.

आमच्या दाराशेजारी भिंतीत झडपेची एक लहान खिडकी होती. बाळांच्या आया काढलेलं दूध वाटीत घालून त्यातून आत देत. ती झडप उघडी होती.

"नमस्कार मोठ्या सिस्टर," बाहेरून आत्याचा आवाज आला. "तुमचीच वाट पाहून राह्यली होती."

कुंदाताई खालून मीटिंग आटपून आल्या होत्या. मी जागची हलू शकत नव्हते. माझं बोट बाळाच्या पायावर होतं. मी मनात म्हणत होते, आता त्या हसतील. आता म्हणतील, अहो बाई, कोणी पेरलं हे विष? ती पोर सोन्यासारखी आहे.

आत्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, त्याच शब्दांत.

मग कुंदाताईंचा आवाज आला, दबका, भरून आलेला. आया रडायला लागल्या की त्यांना समजावताना यायचा तसाच.

"काय सांगू तुम्हाला. माझ्या पोटच्या पोरीसारखी आहे हो ती. पण उद्या तुमच्या घरी काही झालं, तर मला दोष लागेल. येते. औषध चालू आहे, पण येते. इथं आम्ही सांभाळून घेतो, तिला एकटीला सोडत नाही. सासरी कोण सांभाळणार?"

मी ओरडले नाही. मला ओरडायचंच सुचलं नाही. मी बाळाकडं पाहत राहिले आणि ते श्वास घेत राहिलं.

कुंदाताई हात धुऊन, गाउन चढवून आत आल्या. डोळ्यांच्या कडा अजून ओल्या होत्या. मॉनिटर, बाळ, सुजलेलं मनगट, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं.

"शीर गेली?"

"हो."

"लाव बाई लवकर. साखर उतरेल त्याची. मी टॉर्च धरते. मला आता या बारक्या शिरा दिसत नाहीत गं." त्यांनी बाळाचा दुसरा हात हळूच उचलला आणि तळव्याखाली टॉर्च लावली. इवलासा पंजा लालभडक उजळला आणि त्यात शिरेची काळी रेघ दिसायला लागली.

मी सुई उघडली. "ताई, फिट येणाऱ्या मुलीच्या हातात सुई देताय?"

उजेड हलला. मग पुन्हा जागेवर आला.

"ऐकलंस?"

"झडप उघडी आहे."

त्या नाही म्हणतील, असं मला अजूनही वाटत होतं. काहीतरी कारण असेल, माझा ऐकण्यात घोळ झाला असेल. त्या म्हणाल्या, "आधी शीर घे. मग बोलू."

"आत्ताच बोलू. दर्यापूरच्यांना तुम्हीच सांगितलं?"

"हो."

"कारंज्याच्या लोकांना?"

"हो."

"वाशिमच्या?"

"ते मला भेटलेच नाहीत. ते कशानं गेले मला माहीत नाही." खरं बोलत होत्या. त्या खरेपणानंच माझ्या अंगावर काटा आला.

मी शिरेच्या रेघेवर बोट टेकवलं. माझे हात थंडगार पडले होते, पण थरथरत नव्हते. याचंही मला आश्चर्य वाटलं. "फिटच का?"

"ती दिसत नाही." औषधाचा डोस सांगावा तसं त्या म्हणाल्या. "नाही म्हटलं तरी कोणाला पटत नाही. आणि एकदा ऐकलं की लोक पुन्हा विचारायला येत नाहीत."

"आणि नलू?"

त्यांनी बाळाचा पंजा टॉर्चवर नीट बसवला.

"ताई, नलू?"

"तिच्या आईच्या डोक्यावर परिणाम आहे, असं सांगितलं."

पलीकडं नवी मुलगी दूध संपवून नळी धूत होती. आमचं बोलणं तिला ऐकू जात नव्हतं. आम्ही दोघी एका पेटीवर वाकलेल्या, डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ.

"तू यायच्या आधीचा उन्हाळा," कुंदाताई म्हणाल्या. "माझ्या चार तयार मुली एकाच लग्नसराईत गेल्या. नव्यांना बाळ धरताही येत नव्हतं. एका दुपारी दोन बाळं एकदम श्वास विसरली. एक या टोकाला, एक त्या टोकाला. मला हात दोनच. एकाला परत आणलं. दुसऱ्याकडं वळेपर्यंत ते गेलं होतं. आणि त्याची आई त्या झडपेशी दुधाची वाटी घेऊन उभी. मी ती वाटी घेतली, करुणा. सांगायला तोंड उघडेना, म्हणून हात पुढं करून दूध घेतलं. वर साहेबांकडं गेले, म्हटलं माणसं द्या. ते म्हणाले, आहेत ती टिकवा. मी टिकवली."

"आम्हाला मोडून?"

"या पेट्यांतली किती बाळं तुमच्या दोघींच्या हातून घरी गेली, ते मोज."

मी सुई आत सरकवली. पहिल्या प्रयत्नात रक्ताचा थेंब नळीत आला. मी चिकटपट्टी लावली, सलाइन जोडलं, थेंब पडायला लागला. हे सगळं झाल्यावरच मी मान वर केली.

"ताई, मला एकदा विचारायचं होतं."

"काय?"

"जाणार का म्हणून. मी प्रत्येकाला एकच अट घातली होती. दर्यापूरच्यालाही, याही मुलाला. लग्न झालं तरी मी अकोला सोडणार नाही आणि हे युनिट सोडणार नाही. हा म्हणाला, मग मी अकोल्याला बदली मागतो."

मास्कच्या वर त्यांचे डोळे हलेचनात.

"हे मला कधी बोलली नाहीस."

"तुम्हाला सोडून जायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. मग बोलणार काय?"

शीर लागून झाली होती, तरी त्या बाळाच्या तळव्याखाली टॉर्च धरून उभ्याच राहिल्या.

मी बाहेर आले. भेटीची वेळ असल्यानं काचेच्या भिंतीवरचा पडदा सरकवलेला होता, आणि आत्या काचेला नाक लावून उभी होती. तिनं चपला खाली ठेवल्या होत्या. मी टोपी काढली, मास्क काढला.

"मीच करुणा सिरसाट," मी म्हटलं. "मला फिट येत नाही. कधीच आली नाही." आणि मग मला रडू कोसळलं.

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मग काचेतून आत पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडं. तिचं तोंड उघडं ते उघडंच होतं.

"बाप्पा बाप्पा," ती शेवटी म्हणाली. "आत्ताच तं मले रडून सांगे, अन् आत जाऊन तुह्यासाठी दिवा धरून उभी. मी सारं पाह्यलं. सुई तुह्याच हातात होती." तिनं पदरानं माझा चेहरा खसाखसा पुसला, जणू माझंच काही चुकलं होतं. "पण कायले व? असं कायले केलं त्या बाईनं?"

तिनं पिशवी माझ्या हातात कोंबली. "घे. खाली कोणी अडवू नाई म्हणून डबा भरून आणला होता. भरीत-भाकर हाये. खाऊन घे."

आमचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. प्रफुल्लला अकोल्याची बदली मिळाली आणि तो अट पाळून मोकळा झाला. मोडली ती मीच. आत्या येऊन गेली त्या आठवड्यातच राजीनामा देऊन मी दुसऱ्या इस्पितळात गेले. सगळे म्हणाले, लग्न ठरलं म्हणून गेली.

पण त्या दुपारचं अजून एक सांगायचं आहे. आत्या गेली आणि जिन्यावरून नलू आली. मी तिला कपडे बदलायच्या खोलीत ओढलं, दार लावलं आणि एका दमात सगळं सांगितलं. माझं, आणि तिचं. मला वाटलं होतं ती किंचाळेल, आत धावत जाईल, कुंदाताईंचा गळा धरेल. मी तिला अडवणार नव्हते.

नलू माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती टोपीत केस खोचत होती. हात तसेच डोक्यावर राहिले.

"आईचं डोकं?" ती म्हणाली.

"हो."

"माझ्या आईचं?"

तिची आई आदल्या वर्षीच वारली होती. नलूचं जमावं म्हणून मरेपर्यंत सोमवार करायची. शेवटी अंथरुणावर पडल्यावरही विचारायची, नले, माझ्यात काही खोट आहे का गं, म्हणून तुझं अडतं? नलूनं हे मला किती वेळा सांगितलं होतं, हसत हसत.

आता ती हसली नाही.

"चल," मी म्हटलं. "दोघीही राजीनामा देऊ. आत्ताच वर जाऊ. सगळ्यांसमोर सांगू काय केलंय ते."

तिनं केस खोचून टोपी नीट केली. खुंटीवरचा मास्क घेतला, मागं गाठ मारली. गाठ पहिल्यांदा बसली नाही, म्हणून सोडून पुन्हा मारली.

"तू जा, करुणा. तुला जायला जागा आहे." मास्कच्या आतून तिचा आवाज नेहमीसारखाच येत होता. "मी कुठं जाऊ आता?"

"नलू..."

"तिसऱ्या पेटीतल्याच्या दुधाची वेळ झाली," ती म्हणाली, आणि दार उघडून आत गेली.

मी काचेतून पाहत राहिले. कुंदाताई अजून कोपऱ्यातल्या पेटीपाशीच होत्या. नलू त्यांच्याजवळ गेली. नलूनं त्यांच्या हातातली टॉर्च काढून घेतली, विझवली आणि आपल्या खिशात ठेवली. मग झडपेपाशी जाऊन तिनं बाहेर उभ्या असलेल्या एका आईच्या हातातली वाटी घेतली.